घरगुती रिब्रीदर : ऑक्सिजन सेन्सरची चाचणी दाबाखालीच व्हायला हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोकण किनाऱ्यावरील पाण्याखालच्या छायाचित्रणावर आलेला लेख मी आवडीने वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे, म्हणूनच त्यातील एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. पाणबुड्याच्या पाठीवर ‘ऑक्सिजनचे नळकांडे’ असते, असे लेखात दोनदा आणि छायाचित्राखालील ओळीत एकदा म्हटले आहे. मालवण, तारकर्ली किंवा गोव्याच्या ग्रँड बेटापाशी पर्यटक जे स्कूबा डायव्हिंग करतात, त्यातील नळकांड्यात निव्वळ ऑक्सिजन नसतो. आपण एरवी श्वासात घेतो तीच हवा गाळून, कोरडी करून, सुमारे २०० बार दाबाने त्यात भरलेली असते (१ बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब). शुद्ध ऑक्सिजनवर श्वास घेत माणसाने जेमतेम ६ मीटरपर्यंतच जावे, असे मानतात. त्याखाली तोच ऑक्सिजन मेंदूला विषासारखा बाधू शकतो, अपस्मारासारखे झटके येतात, तोंडातील नळी सुटते आणि माणूस बुडतो. दाबाखालचा ऑक्सिजन असे झटके आणतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्येच प्रयोगांनी दाखवून दिले होते.

हा केवळ एका शब्दाचा प्रश्न असता, तर मी पत्र लिहिले नसते. परंतु गेल्या वर्षी आमच्या शेजारचा एक पदविकाधारक तरुण स्वतः बनवलेले एक यंत्र घेऊन माझ्याकडे आला, आणि त्याच्या पाठीवर मात्र खरोखरच ऑक्सिजन राहणार होता. मी एका रासायनिक कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात ३१ वर्षे काम केले. दाबमापक तपासणे आणि ऑक्सिजन अॅनालायझर जुळवणे हा माझा रोजचा उद्योग होता. तेवढ्यासाठीच तो माझ्याकडे आला होता. त्याच्या यंत्राच्या चाचणीत जे दिसले ते इतरांपर्यंत पोहोचावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

या यंत्राला रिब्रीदर म्हणतात. साध्या स्कूबात सोडलेला प्रत्येक श्वास बुडबुड्यांच्या रूपाने वाया जातो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस ३० मीटर खोलीवर, म्हणजे चौपट दाबाखाली, मिनिटाला ८० लिटर हवा फुकट घालवतो, आणि त्याच्या शरीराला खरोखर लागतो तो मात्र साधारण १ लिटर ऑक्सिजन. रिब्रीदरमध्ये सोडलेला श्वास बाहेर न टाकता एका बंद फेऱ्यात फिरवला जातो. वाटेतल्या डब्यातील सोडा लाइम त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि शरीराने खर्च केलेला तेवढा ऑक्सिजन लहान नळकांड्यातून पुन्हा मिसळला जातो. सोडा लाइम म्हणजे मुख्यतः आपण विड्याच्या पानाला लावतो तोच चुना. शस्त्रक्रियागृहातील भूलयंत्रातही हेच वापरतात. बुडबुडे नसल्यामुळे मासे बिचकत नाहीत, म्हणून छायाचित्रकारांना या यंत्राचे मोठे आकर्षण असते. आमच्या या तरुणालाही तेच होते. तयार यंत्राची किंमत त्याच्या आवाक्याबाहेर असल्याने त्याने पीव्हीसी पाइप, अॅक्रिलिक आणि बाजारात मिळणारे सुटे भाग जमवून ते स्वतः बनवले.

घरी बनवले म्हणून मी त्याला दोष दिला नाही. पहिले व्यवहारात चालणारे रिब्रीदरही हेन्री फ्ल्यूस या इंग्रज माणसाने १८७८ मध्ये आपल्या हिकमतीनेच घडवले होते, आणि १८८० मध्ये सेव्हर्न नदीखालच्या पाणी भरलेल्या बोगद्यात ते घालून अलेक्झांडर लँबर्ट नावाचा पाणबुड्या अंधारात शिरला होता. माझा आक्षेप बनवण्याला नाही. न तपासता, किंवा चुकीच्या रीतीने तपासून, पाण्यात उतरण्याला आहे.

रिब्रीदरमध्ये माणसाचा जीव ऑक्सिजनच्या आंशिक दाबावर, म्हणजे श्वासातल्या वायूच्या एकूण दाबातील ऑक्सिजनच्या वाट्यावर, अवलंबून असतो. समुद्रसपाटीवरच्या हवेत तो ०.२१ बार असतो. तो ०.१६ च्या खाली घसरू लागला की शुद्ध हरपण्याचा धोका सुरू होतो, आणि ही शुद्ध कसलीही सूचना न देता हरपते. कारण श्वास कोंडल्याची जी जाणीव आपल्याला होते ती कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते, आणि तो तर चुन्याने आधीच काढून घेतलेला असतो. उलट बाजूला १.६ बार ही कमाल मर्यादा मानतात. बहुतेक पाणबुडे यंत्र १.२ किंवा १.३ बारवर लावून ठेवतात. ऑक्सिजन त्याहून कमी झाला की विजेवर चालणारी झडप उघडते, आकडा गाठला की मिटते. झडपेला हे सांगणारा अवयव म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. यंत्राला दुसरा डोळा नाही.

हा सेन्सर म्हणजे एक छोटा विद्युतघट असतो. आत शिशाचा एक ध्रुव, सोन्याचा मुलामा दिलेला दुसरा, मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण आणि तोंडावर टेफ्लॉनचा पातळ पडदा. पडद्यातून जितका ऑक्सिजन आत झिरपेल तितका प्रवाह निर्माण होतो. साध्या हवेत सेन्सर साधारण १० मिलिव्होल्ट दाखवत असेल, तर १ बार शुद्ध ऑक्सिजनमध्ये त्याने ४८ च्या आसपास आणि १.६ बारला ७६ च्या आसपास दाखवायला हवे. शिसे हळूहळू झिजत जाते आणि पाणबुड्यांसाठीचे सेन्सर बहुधा वर्ष-दीड वर्षात बदलावे लागतात. आता मुद्दा असा, की झिजलेला सेन्सर सगळीकडे सारखा कमी दाखवत नाही. तो हवेत बरोबर असतो, १ बार ऑक्सिजनमध्येही बरोबर असतो, आणि त्याच्या वर कुठेतरी त्याची ताकद संपते. मग ऑक्सिजन कितीही वाढला तरी आकडा पुढे सरकत नाही. जमिनीवर उघड्या जागी १ बारपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळणे शक्यच नसते, म्हणून घरी किंवा होडीत केलेल्या नेहमीच्या जुळवणीत हा दोष कधीच सापडत नाही. तो सापडतो दाबाखाली, म्हणजे दाबाच्या भांड्यात किंवा थेट समुद्रात.

त्या तरुणाच्या यंत्रात तीन सेन्सर होते. दोन त्याने मोडीत निघालेल्या वैद्यकीय उपकरणांतून काढले होते, एक नवा घेतला होता. “काका, तिघेही अगदी बरोबर चालतात,” असे तो म्हणाला, आणि त्याने वहीत आकडे लिहूनही आणले होते. हवेत ९.४, ९.१ आणि ११.२ मिलिव्होल्ट, शुद्ध ऑक्सिजनमध्ये ४५.०, ४३.५ आणि ५३.६. गुणोत्तर चोख होते. दाबाखाली पाहण्यासाठी घरातला प्रेशर कुकर वापरावा, असा त्याचा विचार होता. शुद्ध ऑक्सिजनने १.६ बार गाठायला वातावरणावर फक्त ०.६ बार दाब लागतो आणि कुकर तेवढा सहज धरतो, हा त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. पण ज्या भांड्यात वर्षानुवर्षे फोडणीची डाळ शिजली, त्याच्या रिंगेत, झाकणाच्या कडेला आणि शिट्टीच्या नळीत तेलाचा अंश राहतोच, आणि तेल-तूप व दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की ठिणगीचीही गरज लागेलच असे नाही. मी त्याला कुकर परत स्वयंपाकघरात ठेवायला लावले.

आम्ही एका लेथवाल्याकडून ४ इंची स्टेनलेस स्टीलच्या पाइपचा वीतभर तुकडा, दोन्ही टोकांना फ्लँज लावून करून घेतला. आधी तो पाण्याने काठोकाठ भरला, वरच्या झडपेतून शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत थांबलो, आणि प्लंबर वापरतात त्या हातपंपाने ३ बार दाब देऊन अर्धा तास ठेवला. काटा हलला नाही, तेव्हाच भांडे पसंत केले. मग ते डिटर्जंटने धुऊन, खळबळून, वाळवून घेतले आणि कुठेही साधे ग्रीस लावले नाही.

येथे दाबमापकाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझे आयुष्य त्यात गेले आहे. बाजारात सर्रास मिळणारा मापक ० ते १६ बारचा असतो. त्याची अचूकता पूर्ण तबकडीच्या १.६ टक्के असेल, तर चूक पाव बारची झाली. आणि आपल्याला मोजायचे आहेत ०.६ बार. म्हणजे जवळजवळ निम्म्याची चूक, आणि तीही तबकडीच्या अगदी सुरुवातीच्या, सर्वात अविश्वसनीय भागात. ० ते १ बारचा मापकच येथे हवा. दुसरी गोष्ट कारखान्यातल्या माणसालाच ठाऊक असते. दाबमापक ज्या वजनी यंत्रावर तपासतात, त्यात बहुधा तेल असते, आणि तपासणीनंतर ते तेल मापकाच्या आतल्या वाकड्या नळीत शिल्लक राहते. असा ‘तपासून आणलेला’ मापक ऑक्सिजनला जोडणे म्हणजे कुकरचाच धोका पुन्हा घरात आणणे होय. ऑक्सिजनसाठी तेलविरहित म्हणून खूण केलेला मापकच घ्यावा.

भांड्यातली हवा घालवण्यासाठी आम्ही ऑक्सिजन बराच वेळ वाहता ठेवला, मग बाहेरची झडप बंद करून दाब अगदी हळू वाढवला. ऑक्सिजनची झडप झटक्याने उघडली, तर पुढचा वायू एकदम दाबला जाऊन तापतो, म्हणून ही घाई जिवावर बेतू शकते. पहिला सेन्सर वातावरणावर ०.१ बारला ४९.५ वर गेला, ०.२ ला ५४ वर. ०.३ बारला आकडा ५४.५ झाला आणि तेथेच थांबला. ०.४, ०.५, ०.६ — मल्टिमीटरवर ५४.५ च. दाखवायला हवे होते ७२. दुसरा ५३ वर अडला. तिसरा, नवा, मात्र ८५.५ पर्यंत सरळ चढला. त्या तरुणाने जोडणीच्या तारा दोनदा काढून पुन्हा बसवल्या. आकडे तेच आले. नंतर बराच वेळ तो काही बोलला नाही.

याचा अर्थ वाचकांनी नीट समजून घ्यावा. त्याने यंत्र १.३ बारवर लावले होते. तीन सेन्सर अशासाठी ठेवतात, की एक बिघडला तर बाकीच्या दोघांच्या सांगण्यावर यंत्राने चालावे. एकमेकांच्या जवळ असलेल्या दोन आकड्यांची सरासरी धरली जाते आणि वेगळा पडलेला तिसरा बाद होतो. येथे दोन थकलेले सेन्सर एकमुखाने १.२१ सांगणार होते, आणि त्यांच्या दृष्टीने १.३ कधीच येणार नव्हते. झडप ऑक्सिजन सोडतच राहिली असती. तिसरा सेन्सर १.६, १.८, २ असे खरे सांगत राहिला असता आणि यंत्राने त्यालाच बिघडलेला ठरवले असते. एकाच वयाचे, एकाच ठिकाणाहून आलेले सेन्सर एकाच वेळी थकतात; म्हणून तीन आहेत एवढ्यावर समाधान मानू नये, आणि तिन्ही एकदम बदलण्याऐवजी आळीपाळीने बदलावेत. हे फक्त घरगुती यंत्राला लागू नाही. कंपनीच्या यंत्रातही घट याच तत्त्वाचे असतात आणि तेही असेच झिजतात.

चाचणी झाल्यावर दाबही हळूहळूच उतरवावा. तो एकदम सोडला तर सेन्सरच्या द्रावणात बुडबुडे होऊन पडदा फाटू शकतो आणि आतला दाहक द्रव बाहेर येतो. सेन्सरची मागची बाजू सरसने किंवा इपॉक्सीने बंद करणे ही घरगुती यंत्रांतली आणखी एक चूक. मागून-पुढून दाब सारखा राहिला नाही, तर आकडा खोटा येतो.

सेन्सर बाजूला ठेवून आता उरलेल्या यंत्राकडे येतो. पीव्हीसीचा डबा किती टिकतो हे पाहण्यासाठी तो पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरने फुगवायचे त्याच्या मनात होते. ७ बार दाबाने हवा भरलेल्या १० लिटरच्या भांड्यात ढोबळ हिशेबाने ९ हजार ज्यूल ऊर्जा कोंडलेली असते; ६० किलोच्या माणसाला १५ मीटर उंच उचलायला जेवढी लागते तेवढी. तेच भांडे पाण्याने भरून तेवढाच दाब दिला, तर पाण्यात साठते जेमतेम १ ज्यूल, कारण पाणी जवळजवळ दबतच नाही. हवेने भरलेला पीव्हीसी फुटतो तेव्हा त्याचे धारदार तुकडे होऊन उडतात. पाण्याने भरलेला फुटतो तेव्हा चीर जाते आणि पाणी सांडते. ताकदीची चाचणी पाण्यानेच करावी, हे यासाठी.

वास्तविक श्वासाच्या फेऱ्याला एवढ्या दाबाची गरजच नसते. आत आणि बाहेर जवळजवळ सारखाच दाब असतो, त्यामुळे तेथे पाहायचे असते ते गळतीचे. तोंडाने हवा ओढून घेऊन तोंडाची झडप बंद करायची आणि चपटलेल्या श्वासपिशव्या (सोडलेला श्वास ज्यांत साठतो त्या) काही मिनिटे तशाच राहतात का ते पाहायचे. मग उलट, पिशव्या फुगवून तेच करायचे. दोन्ही हव्यात, कारण एखादी ओ-रिंग (सांध्यात बसवलेले गोल रबरी कडे) आतून लावलेला दाब धरते आणि बाहेरचे पाणी मात्र आत येऊ देते. फुगवलेले यंत्र शेवटी टबात बुडवून बुडबुडे शोधावेत. आत शिरलेले पाणी चुन्यात मिसळले, तर तोंडात दाहक द्रव येतो.

मात्र या सगळ्या चाचण्या उत्तीर्ण होऊनही यंत्र मारक असू शकते. चुन्याच्या डब्याच्या आतली, येणाऱ्या आणि जाणाऱ्या श्वासाला वेगळी ठेवणारी रिंग बसली नसेल, तर बाहेर एक थेंबही गळणार नाही, आणि श्वास मात्र चुन्याला वळसा घालून तसाच परत येईल. नळ्यांतल्या एकमार्गी झडपांचेही तसेच. दोन्ही बाजूंच्या नळ्या हाताने दाबून या झडपा वेगवेगळ्याच तपासाव्या लागतात.

खरा दाब सोसायचा असतो तो बॅटरीच्या आणि आकडे दाखवणाऱ्या बंद डबीला. ४० मीटरवर तिच्यावर बाहेरून ४ बार जास्त दाब असतो. आम्ही आतले सर्किट काढून, डबीत टिश्यू पेपरची घडी ठेवून ती पाण्याच्या भांड्यात दाबली. ४ बारला घडी कोरडी राहिली. आम्ही खूश झालो. नंतर केवळ ०.३ बारला, म्हणजे ३ मीटर खोलीइतक्या दाबाला, ती ओली निघाली. जास्त दाबाने झाकण रिंगेवर घट्ट बसत होते, कमी दाबाला बसत नव्हते. पाणबुड्या उतरताना आणि चढताना त्या ३ मीटरमधून जातोच.

युरोपात रिब्रीदरसाठी ईएन १४१४३ हे मानक आहे. आपल्याकडे वायूच्या नळकांड्यांसाठी गॅस सिलिंडर नियम, २०१६ आहेत आणि ते पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पण नळकांड्याच्या पुढे जोडलेले हे घरगुती यंत्र तपासून देणारे मला तरी कोणी भेटले नाही. त्या तरुणाने ज्या एक-दोन ठिकाणी विचारले, तेथे त्याला ‘असले उद्योग करू नकोस’ एवढेच उत्तर मिळाले. काळजीपोटीच दिले असेल. पण त्या उत्तराने तो थांबला नाही, फक्त एकटा पडला आणि कुकरपर्यंत पोहोचला. मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे, तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. एक लहान स्टीलचे भांडे, तेलविरहित मापक, मल्टिमीटर आणि एक नोंदवही, एवढ्यात सेन्सर तपासण्याची सोय होते. खर्च एखाद्या साध्या मोबाइलइतकाही येणार नाही. या दोन संस्थांनी मिळून ती करावी आणि जो कोणी सेन्सर घेऊन येईल, त्याच्या यंत्राविषयी आधी मत न बनवता, त्याला तो १.६ बारपर्यंत तपासून द्यावा, अशी माझी विनंती आहे. आमचे भांडे आणि आतापर्यंतच्या २६ चाचण्यांची वही मी विनामूल्य द्यायला तयार आहे.

आपल्याकडेही एक मागणे आहे. पुढच्या अंकात ‘ऑक्सिजनचे नळकांडे’ याऐवजी ‘हवेचे नळकांडे’ अशी दुरुस्ती छापावी, आणि यापुढे पर्यटकांच्या स्कूबाविषयी लिहिताना तोच शब्द वापरावा.

त्या तरुणाने दोन्ही जुने सेन्सर माझ्यासमोर तोडून टाकले. यंत्र अजून पाण्यात उतरलेले नाही. डबीचे झाकण त्याने सहा स्क्रूंऐवजी दहा स्क्रूंचे करायला घेतले आहे.

आपला,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट तंत्रज्ञ,
जि. सिंधुदुर्ग